डोकं कुठे ठेवलंयस?

मराठी भाषा समृद्ध आहे हे मला कुणी भाषण करून पटवून द्यायला नको. माझ्या एकटीवर तिने इतकी विशेषणं खर्च केली आहेत, की दुसरी एखादी भाषा असती तर तिचं केव्हाच दिवाळं वाजलं असतं. आई मला 'धांदरट' म्हणे. आजी 'पायाला भिंगरी' म्हणे आणि जास्तच रंगात आली की 'कार्टीच्या बुडाला काटे आहेत का रे?' असं थेट देव्हाऱ्यातल्या गणपतीला विचारी. वडील शिकलेले, म्हणून ते 'अव्यवस्थित' म्हणत. आत्या आली की मी 'वेंधळी' होई आणि काका आले की 'एक ना धड, भाराभर चिंध्या'. शाळेतल्या प्रगतिपुस्तकातला शेरा मात्र पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच पद्धतीने सुरू होई : 'हुशार आहे, पण'. या 'पण'च्या पुढचा मजकूर दरवर्षी बदले. पण लक्ष नसते. पण बोलते फार. पण खिडकीबाहेर बघते. पण वही आणत नाही. एका वर्षी बाईंना बहुधा बस गाठायची असावी. त्यांनी 'हुशार आहे, पण' एवढंच लिहून खाली सही ठोकली होती. वडिलांनी ते दोनदा वाचलं, म्हणाले, "बाकीचं आपल्याला ठाऊक आहे, उगाच शाई कशाला घालवतील!" आणि पालकांच्या रकान्यात सही करून टाकली.

अशी ही मी रत्नागिरीची मुलगी लग्न होऊन विजयदुर्गला आले. ज्यांना कोकण ठाऊक नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. रत्नागिरीला १८८६ सालापासून मनोरुग्णालय आहे. त्यामुळे आमच्या सगळ्या पट्ट्यात 'ह्याला रत्नागिरीला पाठवायला हवं' या वाक्याचा अर्थ, तिथे कलेक्टर कचेरी आहे किंवा समुद्र छान दिसतो, असा कुणीही घेत नाही. मी नवी नवरी असताना गॅसवर दूध ठेवून पेपर वाचत बसले, की सासूबाई अगदी शांतपणे विचारायच्या, "सूनबाय, तू खयची गो?" उत्तर त्यांना पाठ होतं. मी "रत्नागिरीची" म्हटलं की त्या नुसती मान डोलवायच्या. आणि "चार दिवस माहेरी जाऊन येते" असं मी अंगणात जाहीर केलं, की शेजारच्या काकी अगदी मनापासून म्हणायच्या, "जा गो बाय, बरा वाटतला तुका."

विजयदुर्ग म्हणजे देवगड तालुक्याचं वरचं टोक. किल्ल्याच्या तीन अंगांना पाणी. बाजूला वाघोटनची खाडी आणि खाडी ओलांडली की लगेच रत्नागिरी जिल्हा. म्हणजे शहाण्यांत आणि आमच्या माहेरच्यांत एका होडीचं अंतर आहे, हे मी सासरच्यांच्या नजरेला अधूनमधून आणून देत असते.

आमची एसटी स्टँडपासून जवळच खानावळ आहे. वर पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. ह्यांची गिर्ये गावाकडे हापूसची कलमं आहेत. त्यामुळे मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत हे घरात असून नसल्यासारखे. खानावळ मी बघते. आता, जिला स्वतःचा चष्मा स्वतःच्या कपाळावर सापडत नाही ती बाई खानावळ कशी चालवते, असं तुम्हांला वाटेल. तेच तर गूढ आहे! मे महिन्यात एकदम तीस माणसं येऊन बसली, तिघांना सुरमई हवी, दोघं शाकाहारी, एकीचं पोर रडतंय, तेवढ्यात वीज गेली, की माझ्या अंगात अन्नपूर्णा संचारते. तीस पानं मी अशी काढते की ह्यांनासुद्धा मध्ये बोलायची हिंमत होत नाही. पण पावसाळ्यातली रिकामी दुपार असावी, घरात तिघंच असावीत, नुसता वरणभात करायचा असावा, की कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी कुठल्या कुठे निघून जाते. परत येते तेव्हा वास घरभर पसरलेला असतो. सासूबाई म्हणायच्या, "हिका तीस माणसांचा जमता आणि तीन माणसांचा जमणा नाय. ही मुद्दाम करता." बघा, तर्काला कुठे फट आहे? मलासुद्धा सापडत नव्हती.

मदतीला मात्र गाव कधी कमी पडलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मासे घेऊन येणारी मावशी पाटी उतरवायच्या आधी मागच्या दारी डोकावते आणि "वयनी, भायर नळ चालू रवलो हा" म्हणून स्वतःच बंद करते. वाण्याकडे मी यादी घेऊन निघते आणि यादीशिवाय पोचते. म्हणून त्यांनी मागच्या महिन्याची यादी गल्ल्याखाली जपून ठेवायची पद्धत पाडली आहे. माझी छत्री माझ्यापेक्षा जास्त एसटीने फिरली आहे. पडेल, तरळे, कणकवली करून ती मुक्कामाला विजयदुर्ग आगारात येते आणि कुणीतरी कंडक्टर ओरडून सांगतो, "वयनीनू, छत्री इली हा!" शहरात असते तर या छत्र्यांपायी आम्हांला कर्ज काढावं लागलं असतं.

पण या प्रत्येक मदतीला एक वाक्य चिकटून येतं. नळ बंद होतो आणि मागोमाग, "डोक्या खय ठेवलंस गो?" छत्री मिळते आणि स्टँडवरची चार माणसं हसतात. त्यात वाईट हेतू नसतो. मीही हसते. लोक हसायच्या आत आपण हसून मोकळं व्हावं, ही विद्या मला तिसरीत असतानाच साधली होती. अडचण एवढीच, की दिवसभर हसून सोडलेल्या गोष्टी रात्री दिवा मालवला की एकेक करून परत येतात, आणि तेव्हा त्यांच्यावर हसायला शेजारी कुणी जागं नसतं.

आणि मग आमचे चिरंजीव अवतरले.

चिरंजीव चालायला लागले असं म्हणतात, पण मला ते चालताना पाहिल्याचं आठवत नाही. ते पहिल्या दिवसापासून पळतच होते. शाळेत जाताना दोन बूट घालून जात आणि परत येताना जी संख्या पायांत असेल ती. जेटीवर जाळी विणणाऱ्यांच्या शेजारी तीन तास मांडी घालून बसतील, कुठल्या होडीला कितीचं इंजिन आहे ते घडाघडा सांगतील. मात्र गुणाकाराची तीन उदाहरणं सोडवायला बसवलं तर पहिल्याच्या मध्यावर पाणी प्यायला, दुसऱ्याच्या सुरुवातीला मांजर बघायला उठतील आणि तिसरं उदाहरण वहीत कधी उतरणारच नाही. दुसरीच्या वर्षी त्यांचं प्रगतिपुस्तक आलं. मी उघडलं. शेरा होता : 'हुशार आहे, पण'.

आमची कलमं, घर, खानावळीची भांडी हे सगळं त्याला वारसाने मिळणार, ते ठीकच आहे. पण माझी विशेषणंही? गावाने ती केव्हाच त्याच्या नावावर चढवायला घेतली होती. "आवशीर गेलो हा," असं म्हणून वेंधळो, धांदरट, भिंगरो, सगळं ओळीने. एकदा पुण्याच्या पाहुण्यांनी त्याला कौतुकाने विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?" त्याने पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि पुढे तितक्याच सहजपणे म्हणाला, "पण मी वेंधळा आहे." पाहुणे खो खो हसले. आमचा मुलगाही हसला. तो त्यांच्या आधी हसला, हे फक्त मला दिसलं.

तिसरीत त्याला नव्या बाई आल्या. वयाने लहान, आवाजाने त्याहून लहान. त्यांनी मला शाळेत बोलावलं तेव्हा नेहमीचं ऐकायची तयारी करून गेले. बाई म्हणाल्या, "ताई, याला एकदा डॉक्टरांना दाखवाल का? मला वाटतं, तो मुद्दाम करत नाही."

'मुद्दाम करत नाही'. हे तीन शब्द मी एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेसुद्धा माझ्याबद्दल नव्हते.

डॉक्टर म्हणजे लहान मुलांच्या मनाचे डॉक्टर, आणि ते कोल्हापूरला. सासूबाईंनी एकच चौकशी केली, "कोल्हापूर तर कोल्हापूर. रत्नागिरी नाय मां?" नाही म्हटल्यावर त्यांनी प्रवासाला घावन बांधून दिले. तरळे, वैभववाडी, गगनबावडा असं करत आम्ही तिघं पोचलो. घाटात चिरंजीवांनी किती वळणं ते मोजलं. अर्ध्यात एक माकड दिसल्यामुळे तो आकडा आजतागायत अपुरा आहे.

डॉक्टरांनी त्याच्याशी गप्पा मारल्या आणि आमच्या हातात एक प्रश्नावली दिली. एक आमच्यासाठी, एक शाळेतल्या बाईंसाठी. प्रश्न अठरा. नऊ लक्षाबद्दलचे, नऊ चंचलपणाबद्दलचे. समोरून बोललेलं ऐकू आलं नाही असं वाटतं का? लागणाऱ्या वस्तू हरवतात का? हाती घेतलेलं काम अर्धवट सुटतं का? आतून मोटर लावल्यासारखं सतत काही चालू असतं का? मी मान खाली घालून भरत सुटले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठला तरी फॉर्म न कंटाळता, एका बैठकीत, शेवटपर्यंत भरला. ह्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि हळूच म्हणाले, "अगं, त्याच्याकडे मोबाइल कुठाय? तू 'मोबाइल फ्रिजमध्ये ठेवतो' असं लिहिलंयस."

डॉक्टरांनी कागद पाहिले आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे का?" ह्यांनी तोंडाने काही उत्तर दिलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण इतका वेळ एकटक त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

तर चिरंजीवांना जे आहे त्याचं नाव अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्ष एका जागी बांधून ठेवणारी मेंदूतली यंत्रणा जन्मापासूनच थोडी निराळी चालणं. डॉक्टर म्हणाले, लक्ष कमी असतं असा यातला प्रकार नाही. लक्ष भरपूर असतं, पण त्याचा लगाम आपल्या हातात नसतो. आवडीचं, नवं किंवा अंगावर आलेलं काम असेल तर घोडं उधळतं. नेहमीचं काम दिसलं की ते जागचं हलत नाही. (तीस पानं आणि तीन पानं! सासूबाईंच्या तर्कातली फट मला तिथे, कोल्हापुरात, सापडली.) मुलांमध्ये नऊपैकी सहा लक्षणं लागतात, मोठ्यांमध्ये पाच पुरतात. ती सहा महिने तरी टिकलेली असावी लागतात, घरी आणि शाळेत अशी दोन ठिकाणी तरी दिसावी लागतात आणि बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावी लागतात. मुली वर्गात टेबलावर चढत नाहीत, गप्प बसून खिडकीबाहेर बघतात, म्हणून त्या सुटून जातात. आणि हे घराण्यात उतरतं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून वारशाचा वाटा पाऊण हिश्शाच्या आसपास धरतात. पुष्कळ आयांना आपल्याला काय आहे ते मुलाला दाखवायला नेल्यावरच कळतं म्हणे.

माझी तपासणी पुढच्या खेपेला झाली. मोठ्या माणसाच्या बाबतीत लहानपणीचा पुरावा लागतो. मी माहेरी फोन केला. मला जन्मभर अव्यवस्थित म्हणणाऱ्या माझ्या वडिलांनी माझी दहाच्या दहा प्रगतिपुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत, इयत्तांच्या क्रमाने, दोऱ्याने बांधून ठेवली होती. डॉक्टरांनी ती एकेक करून वाचली. 'हुशार आहे, पण' आणि खाली नुसती सही, या पानावर ते थांबले, म्हणाले, "हे मला ठेवून घ्यावंसं वाटतंय."

हा विकार काही आजचा नव्हे. जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करता करता टेबलक्लॉथसकट खाली आपटणारा मुलगा जर्मनीतल्या हाइनरिश हॉफमान नावाच्या डॉक्टरांनी १८४०च्या दशकातच आपल्या चित्रांच्या पुस्तकात रंगवला आहे. ते पुस्तक त्यांनी मुळात स्वतःच्या मुलासाठी काढलं होतं, त्यामुळे मॉडेल कोण होतं याचा मला दाट संशय आहे. लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांवर डॉक्टरांपुढे व्याख्यानं दिली. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९६८ साली एक नाव दिलं, १९८० साली बदललं, १९८७ साली पुन्हा बदललं. इतक्या वेळा नाव बदलण्याचं भाग्य आपल्याकडे फक्त सिनेनट्यांना लाभतं. आणि यावर जी गोळी देतात ती स्वित्झर्लंडमधल्या लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने १९४४ साली बनवली. त्याच्या बायकोने ती घेतली आणि तिचा टेनिसचा खेळ सुधारला. तिचं लाडकं नाव रीटा, म्हणून गोळीचं नाव रिटालिन. आमच्याकडे नवरे फार तर होडीला बायकोचं नाव देतात. हे मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "कलमांना देतो की! पण तू लक्षात ठेवणार आहेस का कुठल्या?"

गोळी वाटेल त्या दुकानात मिळत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तिला हात लावता येत नाही आणि तसंच असायला हवं. तिने माणूस शहाणा होतो, असं मात्र नाही. जुन्या रेडिओवर रत्नागिरी आणि पणजी ही दोन्ही केंद्रं एकदम लागायची आणि मध्येच तिसरीकडचं गाणं घुसायचं, आठवतं? माझ्या डोक्यात तसं कायम चालू असे. आता सकाळचे काही तास एक केंद्र लागतं. त्यावर काय ऐकायचं ते अजून माझं मलाच ठरवावं लागतं, आणि ते शिकवायला गोळी येत नाही.

गावात बातमी पोचायला एसटीइतकाही वेळ लागत नाही. काकींनी कुंपणावरून विचारलं, "काय सांगल्यानी गो डॉक्टरांनी?" मी म्हटलं, "एडीएचडी." काकींना त्यातलं पहिलं एवढंच ऐकू आलं. "येडी?" त्या दचकून म्हणाल्या, "असा तोंडार सांगल्यानी?" पुढचे आठ दिवस त्या मला पाहिलं की पदराने डोळे टिपत आणि वाटीभर सोलकढी पाठवत. मी खुलासा करायची घाई केली नाही. सोलकढी छान असते त्यांची.

खरी धास्ती मला सासूबाईंची होती. रात्री जेवणं झाल्यावर ह्यांनी त्यांना पडवीत बसवून सगळं नीट सांगितलं : मेंदू, लगाम, वारसा, गोळी. सासूबाई सुपारी कातरत ऐकत होत्या. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. सगळं संपल्यावर म्हणाल्या, "ह्येका औषद आसा?" हे म्हणाले, "आहे." पुन्हा थोडा वेळ अडकित्त्याचा आवाज. मग म्हणाल्या, "मगे माझ्या भावाक कित्याक दिल्यानी नाय?"

त्यांना एक धाकटा भाऊ होता हे मला चौदा वर्षांत ठाऊक नव्हतं. ह्यांनाही नावापुरतंच ठाऊक होतं. तो झाडावर, तटावर, पाण्यात, कुठेही असे, फक्त वर्गात नसे. मास्तर छडी मोडेपर्यंत मारीत, मग घरी वडील. सुतारकामात हात असा की होडीचं नुसतं वल्हं बघून तसंच दुसरं करी. पण सांगितलेला निरोप वाटेत विसरे आणि त्याचाही मार खाई. त्या काळी विजयदुर्गाहून मुंबईला आगबोट जायची. तेराव्या वर्षी एका पहाटे तो बोटीवर चढला. "ममयक गेलो तो परत इलोच नाय," सासूबाई म्हणाल्या. दोन मनिऑर्डरी आल्या, तिसरी आली नाही. त्यांनी कातरलेली सुपारी डबीत भरली, झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "सगळे म्हणीत, मुद्दाम करता. मी पण म्हणय."

त्यानंतर त्या घरात 'मुद्दाम' हा शब्द मी ऐकलेला नाही.

आमच्याकडे उतरणारे पाहुणे किल्ला बघून आले की हटकून हेलियमची गोष्ट काढतात. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा करतात, आणि १८६८च्या ग्रहणात हेलियमचा शोध इथेच लागला, असं गाव सांगतं. मी गावची सून, पण खरं ते सांगते. त्या ग्रहणाला फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर साहेब तर इंग्लंडातच. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. मला या गोष्टीतला आवडतो तो भाग वेगळाच आहे. सूर्याच्या उजेडात एक पिवळी रेघ दिसली. आधी वाटलं, ही सोडियमचीच, म्हणजे आपल्या रोजच्या मिठातल्या सोडियमची. मग लॉकियरनी निरखून पाहिलं, तर ती जरा बाजूला होती. ते म्हणाले, हे काहीतरी निराळं आहे. पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. रॅमसेंना हेलियम पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडलं. सत्तावीस वर्षं! पाहुण्यांना हे सांगताना माझं सांगणं जरा लांबतं आणि ह्यांना आतून ओरडावं लागतं, "अगं, सोडियम कमी पडलंय आमटीत!"

आता आमच्या घरात जागोजागी खुंट्या आहेत. चाव्यांची, चष्म्याची, दप्तराची, छत्रीची. ह्यांनी त्या एका रविवारात ठोकल्या आणि प्रत्येकीखाली चित्र काढलं. चष्म्याचं चित्र बेडकासारखं झालं आहे, पण त्यामुळेच लक्षात राहतं. बाईंनी चिरंजीवांना पहिल्या बाकावर घेतलं, तीन उदाहरणांच्या जागी एकेक करून तीनदा द्यायला लागल्या आणि मधल्या वेळात शाळेची घंटा वाजवायचं काम त्याच्याकडे दिलं. घंटा एकदाही चुकलेली नाही.

आणि पडवीतली मंडळी. त्याचं असं झालं, की एक दिवस स्टँडवरचे एक रिक्षावाले पार्सल न्यायला आले आणि डबा हातात घेऊन उभेच राहिले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, "वयनी, माझ्या झिलाचा पण असाच आसा." मी त्यांना बसवलं, चहा दिला. आठवड्याने गिर्याच्या एक बाई आल्या. मग एक होडीवाले आले. मुलासाठी म्हणून आले आणि स्वतःबद्दलच बोलत राहिले : "दर्यात जाळी टाकताना माका सगळा दिसता, घराकडे इलंय की कायेक दिसणा नाय." त्यांच्या बायकोने हे वाक्य ऐकलं आणि ती जी रडायला लागली! म्हणाली, वीस वर्षं मला वाटतंय, ह्यांना घरच आवडत नाही.

आता दर मंगळवारी दुपारी चारला आम्ही जमायचं ठरलं आहे. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी सगळे हजर आहेत, अशी बैठक अजून एकही झालेली नाही. होडीवाले बुधवारी येतात. गिर्याच्या बाई वेळेवर निघतात आणि वाटेत दुसरं काम आठवून तिकडे जातात. एकदा रिक्षावाले अगदी चारच्या ठोक्याला आले, फक्त मुलाला आणायला विसरले. आम्ही अर्धा तास त्यांच्या मुलाबद्दल बोललो. विषय कुठून कुठे जातो याला धरबंध नाही. पण कुठल्या डॉक्टरांची वेळ मिळते, गोळी सुरू केल्यावर पोराची भूक कमी झाली तर जेवणाच्या वेळा कशा फिरवायच्या, कोल्हापूर परवडत नसेल तर काय, हे सगळं त्यातच होतं. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मी पडवीच्या भिंतीवर खडूने मोठा लिहिला आहे. २०२२च्या ऑक्टोबरपासून ती सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही. होडीवाल्यांच्या बायकोने त्यावर एका रात्री अडीच वाजता फोन केला होता. तिला बरं वाटलं. त्या पडवीत कुणी काही हरवल्याचं सांगितलं, की आधी "मग?" असं विचारतात. हसणं त्यानंतर येतं, आणि ते येतंच.

सासूबाई या बैठकांना कोपऱ्यात बसतात. सुपारी कातरतात, बोलत नाहीत. त्यांनी मात्र स्वतःची एक पद्धत काढली आहे. काही लक्षात ठेवायचं असलं की बायका पदराला गाठ मारतात. मीही पूर्वी ओढणीला मारून पाहिली होती, पण गाठ कशाची तेच आठवत नसे. आता माझ्या आणि नातवाच्या गाठी सासूबाई आपल्या लुगड्याच्या पदराला मारतात. सकाळी त्या अंगणात उभ्या राहतात आणि एकेक गाठ चिमटीत धरून हाक देतात. "ही नातवाच्या गोळयेची. ही तुझ्या गोळयेची. ही गॅसवाल्याक फोन कर. ही शाळेत पैसे भरूचे आसत." काम झालं की गाठ सुटते. पंचाहत्तरीची बाई, पण हिशेब चोख.

काल सकाळी पाच गाठी होत्या. चार सुटल्या. पाचवी चिमटीत धरून सासूबाई किती तरी वेळ उभ्या होत्या. मी आठवून पाहिलं. चिरंजीवांनी आठवून पाहिलं आणि मध्येच एक पतंग बघायला गेले. काकींनी कुंपणावरून दोन-तीन शक्यता सुचवल्या, त्या दोन्ही-तिन्ही त्यांच्या स्वतःच्या घरच्या निघाल्या. हे बागेतून आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "रवांदे. आठवात तेवा आठवात." आणि आज लुगडं धुवायला टाकताना त्यांनी मला बजावून सांगितलं आहे, की दुसरं काही विसरलीस तरी चालेल, पण वाळत घालताना ती गाठ सोडू नकोस.